पोर्तुगीज आले, जात राहिली

१

वास्को द गामा २० मे १४९८ रोजी कालिकतच्या किनाऱ्याला लागला, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. 'जलमार्गाचा शोध' असे त्या धड्याचे नाव असते. शोध कोणी लावला, कोणत्या साली लावला, हे परीक्षेत विचारतात. त्या शोधाने कोणाचे काय झाले, हे विचारत नाहीत. विचारलेच तर उत्तर दोन ठरावीक साच्यांतून येते.

पहिला साचा युरोपियनांचा. धाडसी दर्यावर्दी निघाले, वादळांना तोंड दिले आणि अंधारातले जग उजेडात आणले, अशी ती कथा. दुसरा साचा आपल्याकडील राष्ट्रवादी इतिहासकारांचा. त्यात सुखाने नांदणारा एक समाज असतो. त्यावर परधर्मी शत्रू चालून येतो, देवळे पाडतो, माणसे बाटवतो आणि पुढे मराठ्यांची तलवार त्याला धडा शिकवते. या दोन्ही कथा निव्वळ खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. प्रवास धाडसाचा होता. देवळे पाडली गेली, हेही खरे. परंतु या दोन्ही कथांत गावकुसाबाहेरचा माणूस कुठे दिसत नाही. सुखाने नांदणाऱ्या त्या समाजात तो कुठे नांदत होता आणि परका राजा आल्यावर त्याच्या पाटीत काय पडले, याची नोंद कोणालाच घ्यावीशी वाटलेली नाही.

मी इस्लामपुरात महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या घरात माझ्या आधी कोणी पदवीपर्यंत पोचले नव्हते. पणजोबांनी गावची महारकी केली. त्यामुळे असेल, पण कोणत्याही राज्याचा धडा शिकवताना मी आधी त्या राज्यातली महारकी शोधतो. पोर्तुगीजांच्या धड्यात ती शोधली तेव्हा जे हाती लागले, ते कार्यकर्त्यांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या दृष्टीचा मूळ धडा आपल्याला जोतीरावांनीच घालून दिला आहे. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे त्यांचे मूळ गाव. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत जोतीराव युरोपियनांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर केलेल्या जुलमांची गोष्ट काढतात आणि आर्यांनी येथील मूळ रहिवाशांवर केलेला जुलूम त्याच जातीचा होता, असे सांगतात. आर्यांच्या आगमनाविषयी आजचे संशोधन काय म्हणते हा वेगळा वाद आहे. जोतीरावांची पद्धत मात्र आजही उपयोगाची आहे. समुद्रापलीकडची जित-जेत्यांची गोष्ट आणि आपल्या गावातली गोष्ट त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचली. गोव्यात तर या दोन गोष्टी एकाच जमिनीवर घडल्या.

२

पोर्तुगीज निघाले ते केवळ मिरी आणि दालचिनी आणायला नव्हे. त्यांच्या हातात धर्माचा कागद होता. पोपने १४५२ आणि १४५५ साली पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांची भूमी जिंकण्याचा आणि त्या लोकांना कायमचे दास करण्याचा अधिकार दिला. १४९४ साली तोर्देसिल्यास येथे स्पेन आणि पोर्तुगाल यांनी करार करून पृथ्वीवर एक रेघ ओढली. रेघेच्या पलीकडचे स्पेनचे, अलीकडचे पोर्तुगालचे. यातली बहुतेक भूमी त्यांनी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. आधी वाटणी झाली आणि जमीन मागाहून सापडली! धर्मग्रंथाचा हवाला देऊन दुसऱ्याचे श्रम आणि दुसऱ्याची जमीन आपली ठरवायची, हा प्रकार आपल्याला नवा वाटण्याचे कारण नाही.

कालिकतला पोचल्यावर गामाने तेथील राजा सामुतिरी याला नजराणा म्हणून काय पाठवावे? कापडाचे काही तागे, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची भांडी, तेल, मध आणि साखरेची एक पेटी. ते पाहून राजाचे अधिकारी हसले. मक्केहून येणारा साधा व्यापारीही याहून अधिक देतो, असे त्यांनी सुनावले. आमच्या उसाच्या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना त्या साखरेच्या पेटीचे फार हसू येते. कारण उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची कला याच देशातून पश्चिमेकडे गेली. या साखरेकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

ज्या बंदरांत गुजराती, अरब, मलबारी, चिनी व्यापारी शतकानुशतके येत-जात होते, तेथे मालाच्या बळावर पोर्तुगीजांचा निभाव लागणे शक्य नव्हते. त्यांच्यापाशी जहाजावर बसवलेल्या तोफा होत्या. १५०२ साली दुसऱ्या सफरीत गामाने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे एक जहाज बायकापोरांसह जाळले. पुढे पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. तो न घेता समुद्रात जाणारे जहाज लुटले जाई. जो समुद्र कोणाच्या मालकीचा नव्हता, त्यावर अशी जकात बसली.

१५१० साली अफोंसो द अल्बुकर्कने गोवा घेतले. तेव्हा गोवा विजापूरच्या आदिलशहाकडे होते आणि आपला हा कृष्णाकाठही त्याच शाहीत होता. पहिल्यांदा घेतलेले गोवा दोन-तीन महिन्यांत हातचे गेले. २५ नोव्हेंबरला त्याने ते पुन्हा घेतले आणि शहरातील मुसलमानांची सरसकट कत्तल केली. या कामी त्याला होनावरकडच्या तिमोजाचे साहाय्य होते. म्हणजे विजय परक्याचा असला तरी त्याला वाट दाखवणारे हात येथलेच होते. गोव्याच्या भोवतालच्या खेड्यांना अल्बुकर्कने वेगळे वागवले. सारा कमी करण्याचे आश्वासन दिले आणि सतीची चाल बंद केली. सतीबंदीचे श्रेय त्याला द्यायला हरकत नाही. परंतु खेड्यांशी त्याने जो समझोता केला, तो कोणत्या खेड्यांशी आणि खेड्यातल्या कोणाशी, हे पाहिले पाहिजे.

३

गोव्याच्या खेड्यांचा कारभार गावकरीकडे असे. गावकरी म्हणजे गावच्या मूळ वसाहतदारांचे वंशज म्हणवणाऱ्या घराण्यांची संस्था. या घराण्यांना वांगड म्हणत. जमीन सामाईक. ती दर काही वर्षांनी लिलावाने लागवडीला द्यायची, आलेल्या उत्पन्नातून राजाचा सारा भरायचा, देवळाचा व गावकामगारांचा खर्च भागवायचा आणि उरेल ते गावकरांनी वाटून घ्यायचे. या वाट्याला झोण म्हणतात. बायकांना गावकरीत स्थान नाही. जे नंतर आले, जे दुसऱ्याच्या शेतात राबतात, जे गावाची सेवा करतात, त्यांना मत नाही आणि झोणही नाही. काही अभ्यासकांनी या संस्थेचा ग्रामलोकशाही म्हणून गौरव केला आहे. आपल्याकडे बाराबलुत्यांच्या खेड्याचा असाच गौरव होतो. बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याविषयी काय मत दिले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गौरवाचे वजन किती ते निराळे सांगायला नको.

१५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावकरांचे रीतिरिवाज लिहून काढले. या दस्तऐवजाला 'फोराल' म्हणतात. त्यात गावकरांचे हक्क, मानपान, वारसा, साऱ्याची जबाबदारी हे सर्व आले आणि पोर्तुगालच्या राजाच्या नावाने त्यावर मान्यतेची मोहोर उठली. माझ्या मते गोव्याच्या इतिहासात १५१० पेक्षा १५२६ हे साल आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १५१० साली राजा बदलला. १५२६ साली नव्या राजाने जुन्या खेड्याशी करारमदार केला.

त्याने असे का केले, याचे उत्तर साधे आहे. समुद्रापलीकडून आलेल्या मूठभर लोकांना शेताशेतात जाऊन सारा गोळा करता येत नव्हता. तो गोळा करून देणारी माणसे हवी होती आणि ती गावकर होती. गावकरांना त्यांचे हक्क शाबूत हवे होते. दोघांची गरज भागली. गावातील जमिनीवर कोणाचा हक्क आणि कोणाच्या माथी कोणते काम, हे जिंकणाऱ्याने विचारलेही नाही. कारण त्या उतरंडीवरच त्याचा सारा उभा होता.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवतो. 'आमचे पूर्वज प्रथम आले, त्यांनी ओसाड भूमी लागवडीला आणली, म्हणून ती आमची', हा गावकरांचा दावा होता. आपण हिंदुस्थान शोधला, हा पोर्तुगीजांचा. हे दोन्ही दावे एकाच घडणीचे आहेत. ज्या भूमीला ओसाड म्हटले जाते तेथे आधी कोणीतरी असतेच. गोव्यातील गावडे आणि कुणबी हे तेथील फार जुने रहिवासी मानले जातात. शेतात तेच राबत होते. 'शोध' आणि 'वसाहत' हे दोन शब्द जेथे दिसतील तेथे आधीचा माणूस कोण होता, हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

४

पुढे धर्मांतराचा काळ आला. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनी चर्चच्या संस्थांकडे वळवल्या गेल्या. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला. १५४३ च्या सुमारास बारदेश आणि सासष्टी हे महाल पोर्तुगीजांकडे आले आणि पुढल्या काही दशकांत तेथील देवळांचीही तीच गत झाली. १५६० साली धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. ते मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट पाद्र्यांना ठार केले. त्यानंतर त्या गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला बोलावून दग्याने मारण्यात आले. या जुलमाची भलामण करण्याचे काही कारण नाही. ज्यांना जाळले, छळले, हुसकावले, ती माणसेच होती.

ज्यांना जमले त्यांनी आपले देव नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, नेले. कुशस्थळीचा मंगेश असा तिकडे गेला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. ही कथा गोव्यात फार आर्ततेने सांगितली जाते. परंतु त्या देवळांच्या गाभाऱ्यात ज्याला कुशस्थळीलाही प्रवेश नव्हता आणि अंत्रुजातही नव्हता, त्याने देवाच्या त्या स्थलांतराचे दुःख कोणत्या पायरीवर उभे राहून करायचे?

जे ख्रिस्ती झाले त्यांचे काय झाले? येथे या विषयाचा गाभा आहे. गावकर ख्रिस्ती झाले, पण गावकरच राहिले. जमीन राहिली, झोण राहिले. किंबहुना अनेकांनी ते राखण्यासाठीच धर्म बदलला. ब्राह्मण ख्रिस्ती झाले ते 'बामण', वरच्या दुसऱ्या थरातले 'चारडो' आणि शूद्र ठरलेले 'सुदिर' झाले. खाली गावडे, कुणबी, त्याहून खाली महार आणि चांभार ख्रिस्ती. चर्चच्या बंधुसंघात, ज्याला तिकडे 'कोंफ्रारी' म्हणतात, कोणी असायचे, सणाचा मान कोणाचा, मिरवणुकीत कोणता झगा कोणाच्या अंगावर, हे सर्व जातीवर ठरू लागले. देशी माणसाला पाद्री होण्याची वाट थोडी उघडली तेव्हा तीही दीर्घ काळ बामण आणि चारडो यांच्यासाठीच होती. लग्ने तर जातीबाहेर होतच नसत. क्रूस सर्वांसाठी एकच होता. त्याच्यापुढे बसायची जागा मात्र जातीने ठरत होती.

तेराव्या-चौदाव्या पिढीत ही नावे जुनी झाली असतील, असे कोणी म्हणेल. गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्न ठरवताना आजही बामण की चारडो की सुदिर, याची चौकशी होते.

५

पाद्र्यांना हे कसे चालले? ख्रिस्ताच्या दारात सर्व समान, असे सांगत ते आले होते ना?

याचे एक कारण त्यांच्याच देशात सापडते. स्पेनने १४९२ साली ज्यूंना हाकलले. पोर्तुगालने १४९७ साली त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. ख्रिस्ती केले तरी त्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणून वेगळे काढले आणि रक्तशुद्धीच्या नावाखाली त्यांच्या वंशजांना अधिकाराच्या व धर्माच्या पदांपासून दूर ठेवले. कुळ शुद्ध की अशुद्ध हे पाहण्याची सवय घेऊनच हे लोक गोव्याच्या धक्क्यावर उतरले. येथे त्यांना शुद्धाशुद्धीचे शास्त्र आपल्याहून कितीतरी पुढे गेलेले दिसले. त्यांच्या भाषेत वंश, कुळ, अवलाद या अर्थाचा एक शब्द होता : 'कास्ता'. तो त्यांनी आपल्या व्यवस्थेला लावला. इंग्रजांनी तो उचलला आणि त्याचे 'कास्ट' झाले. ज्या इंग्रजी शब्दाने आपण जगापुढे आपली फिर्याद मांडतो, तो शब्द असा पोर्तुगीज गलबतातून आलेला आहे. दोन विटाळ-व्यवस्था एकमेकींना भेटल्या आणि त्यांनी एकमेकींना ओळखले, असेच म्हणावे लागते.

दुसरे कारण सोयीचे होते. वरची जात हाती आली की खालची आपोआप येईल, हा हिशेब. इटालियन जेझुइट रॉबर्ट द नोबिली १६०६ साली मदुरेला आला. तो संन्याशासारखी वस्त्रे नेसे, शाकाहार करी, ब्राह्मण आचारी ठेवी आणि खालच्या जातीत मिसळणाऱ्या आपल्याच धर्मबंधूंपासून अंतर राखून राही. त्याच्यावर तक्रारी झाल्या. प्रकरण रोमपर्यंत गेले. १६२३ साली पोप पंधरावा ग्रेगरी याने ब्राह्मण ख्रिस्त्यांना जानवे आणि शेंडी ठेवण्याची परवानगी दिली. त्या मिशनमध्ये उच्चवर्णीयांसाठी वेगळे आणि अस्पृश्यांसाठी वेगळे धर्मोपदेशक ठेवण्यापर्यंत मजल गेली.

गोऱ्या पाद्र्यांचा अन्याय गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्त्यांनाही सोसावा लागला. दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रु याला गोव्यात पाद्रीपद नाकारले गेले. तो रोमला गेला, तेथे शिकला आणि १६३७ साली बिशप झाला. पोर्तुगीजांच्या वर्णद्वेषाविरुद्ध तो आयुष्यभर भांडला. त्याचा लढा खोटा नव्हता. पण १६५३ साली त्याने जे आवाहन लिहिले त्याचे नावच 'ब्राह्मणांचा आरसा' असे होते. पुढे १७०२ साली गोव्याचा एक ब्राह्मण कॅथलिक पाद्री आंतोनियु जुआंव द फ्रियश याने ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व सिद्ध करणारा पोर्तुगीज ग्रंथ लिस्बनला छापला. त्याला उत्तर म्हणून १७१३ साली चारडो पाद्री लिओनार्दु पाइश याने क्षत्रियांचे श्रेष्ठत्व सिद्ध करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोघेही येशूचे सेवक. ख्रिस्ती होऊन दीडशे वर्षे लोटली होती आणि भांडण होते ते पहिल्या पायरीचे. गोऱ्याने आपल्याला खाली लेखू नये, पण आपण ज्याला खाली लेखतो तो तेथेच असावा, ही मागणी पुढेही आपल्या देशात अनेकांनी अनेक भाषांत केली आहे.

६

पोर्तुगीज राज्यात जातीच्याही खाली आणखी एक थर आला. तो गुलामांचा. डच प्रवासी लिन्सखोटेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. शहरातील मुख्य रस्त्यावर रोजच्या बाजारात इतर जिनसांबरोबर माणसे कशी विकायला उभी केली जात, हे त्याने लिहून ठेवले आहे. त्यात मोझांबिककडून आणलेले आफ्रिकन होते, तसे आशियातले आणि या देशातलेही होते. या गुलामांपैकी काही पळून घाट चढले. कारवार जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी समाजात त्यांचे वंशज आहेत. त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्यांना अनुसूचित जमातीत स्थान मिळायला २००३ साल उजाडावे लागले.

आता त्या साखरेच्या पेटीकडे येतो. ऊस या भागातून इराण, अरबस्तान करीत भूमध्य समुद्राकाठी पोचला. पोर्तुगीजांनी तो मदेइरा आणि साओ तोमे या बेटांवर नेला, पुढे ब्राझीलला नेला. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर लावला. तेथील मूळ रहिवासी रोगराईने आणि वेठबिगारीने मरून गेले. मग ऊस तोडायला आफ्रिकेतून माणसे आणली. सुमारे साडेतीनशे वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत भरली गेली. त्यातली अठरा-एकोणीस लाख वाटेतच मेली. त्यांपैकी फार मोठा हिस्सा उसाच्या मळ्यांसाठी होता. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मॉरिशसच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून बिहारी, तमिळ, तेलुगू आणि आपली मराठी माणसे गेली. आज तेथे जो मराठी समाज आहे तो या वाटेने पोचलेला.

मी जेथे शिकवतो त्या वाळवे तालुक्यात दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. बाईला वेगळे नाव नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात हंगाम जातो आणि मुलांची शाळा बुडते. या टोळ्यांत भटक्यांची आणि दलितांची संख्या मोठी असते. ही गुलामगिरी आहे असे मी म्हणणार नाही. शब्द जपून वापरावेत, आणि आफ्रिकेतल्या माणसांच्या वाट्याला जे आले त्याला दुसरे नाव नाही. परंतु ऊस जेथे जेथे गेला तेथे तो तोडायला ज्याच्यापाशी जमीन नाही असाच माणूस का लागला, आणि त्याला आधी कर्जात का बांधावे लागले, हा प्रश्न मॉरिशसला जितका लागू आहे तितकाच कृष्णाकाठाला आहे.

७

राष्ट्रवादी कथेचा शेवट वसईला होतो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली होती. १७३९ साली चिमाजी आप्पाने ती जिंकली. ही मराठ्यांच्या शौर्याची मोठी मोहीम होती, यात शंका नाही, आणि त्या सैन्यात सर्व जातींची माणसे मेली. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. त्यांतली एक आपल्या सातारा जिल्ह्यात, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची मूर्ती कोरलेली आहे. आमच्या भागातल्या सहली तिकडे जातात.

विद्यार्थ्यांनी ती घंटा जरूर पाहावी. ती ओतणाऱ्याने चर्चसाठी ओतली, वाजली शेवटी देवळात. मेरी आणि येशू कोरलेल्या त्या परधर्माच्या धातूला देवळात टांगून घेताना विटाळ झाला नाही. त्याच पेशवाईत आमच्या माणसाच्या सावलीचा विटाळ होत होता. वसईत राज्य बदलले तेव्हा तेथील ख्रिस्ती गावांतल्या जातीही गेल्या नाहीत. पोर्तुगीजांनी त्या मोडल्या नव्हत्या आणि पेशव्यांना त्या मोडायच्या नव्हत्याच.

८

यावर दोन आक्षेप येतात. ते मी वर्गातही ऐकतो.

पहिला असा की, ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला काहीच मिळाले नाही का? मिळाले. नाव मिळाले, प्रार्थनेत जागा मिळाली, मग ती मागे का असेना, आणि आपल्यालाही आत्मा आहे असे सांगणारा कोणी भेटला. ज्याला माणूसच मानले नव्हते त्याच्या दृष्टीने हे थोडे नव्हे. पण जमीन मिळाली नाही आणि शब्द मिळाला नाही. १५५६ साली गोव्यात छापखाना आला. १६१६ साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापले गेले. परंतु त्या छापखान्याची अक्षरे तळच्या माणसापर्यंत पोचली नाहीत. १६८४ साली तर लोकांनी आपली बोलीच सोडावी असा हुकूम निघाला. अक्षर पोचवायला १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंना उभे राहावे लागले.

दुसरा आक्षेप असा की, मग इंग्रजांच्या काळात आपल्याला शाळा आणि पलटण कशी मिळाली? त्याचे उत्तर हेच की, इंग्रजी राज्यात काही फटी पडल्या आणि त्यांत आपल्या माणसांनी आपला पाय रोवला. फट बंद करायलाही त्यांना वेळ लागला नाही. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा हे दिसले. आमची महारकी इंग्रजांनी मोडली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने तिला त्यांनी उलट कायद्याचे कूस दिले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले आणि ती वतने गेली १९५८ च्या कायद्याने. १५२६ चा फोराल आणि १८७४ चा वतन कायदा यांत साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. दोन्ही कागदांनी काम एकच केले. गोव्यातही मुक्ती १९६१ साली झाली, पण कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ साली आणि भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकारांसाठीचा कायदा १९७५ साली आला. राज्य जाणे आणि उतरंड जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा आणि सोळाव्या शतकातले गोव्यातले धर्मांतर यांना जे एका मापाने मोजतात, ते मोठी चूक करतात. गोव्यात राजाची तोफ पाठीशी होती आणि गावकरीचा हक्क पुढे होता. नागपुरात पाठीशी कोणाचे राज्य नव्हते आणि पुढे जमिनीचा तुकडा नव्हता. जे सोडायचे ते काय, हे बावीस प्रतिज्ञांत आधीच बोलून टाकलेले होते. जात सोबत घेऊन येण्याची तेथे मुभा नव्हती. आपण ती खरोखर मागे टाकली का, हे आपणच आपल्याला विचारत राहिले पाहिजे. आणि ज्या ख्रिस्ती महार-चांभारांना चर्चने मागे बसवले आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले, त्यांचा प्रश्न हा आपलाच प्रश्न आहे. १९९० साली त्या यादीचे दार बौद्धांना उघडले. बाहेर राहिलेल्यांना विसरणे आपल्याला शोभणार नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. 'जलमार्गाचा शोध' हा धडा शिकवताना सालांबरोबर तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. जमीन आधी कोणाची होती आणि नंतर कोणाची झाली? राबत कोण होते? आणि सत्ता बदलल्यावर कोणाची बसण्याची जागा बदलली? हे तीन प्रश्न कालिकतला लागू आहेत, गोव्याला आहेत, मेक्सिकोला आहेत, पेशवाईला आहेत आणि आपल्या स्वतंत्र देशातल्या प्रत्येक निवडणुकीनंतरच्या गावालाही आहेत. मुले उत्तरे आपल्या घरातून आणतात, असा माझा अनुभव आहे. ती ऐकून घेण्याची तयारी मात्र आपली पाहिजे.